नको असलेली अ‍ॅप्स फोनमधून कायमची काढायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कोणाचाही फोन भरला, अडकायला लागला की तो माझ्या हातात येतो आणि दर वेळी प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींबद्दल आहे, पण अँड्रॉइडचं जास्त, कारण खरी डोकेदुखी तिथेच असते. प्रत्येक कंपनीच्या फोनमधे सेटिंगची नावं थोडी इकडेतिकडे असतात, त्यामुळे मी लिहिलेलं नाव जसंच्या तसं सापडलं नाही तर सेटिंग उघडून वर जो सर्चचा डबा असतो त्यात टाइप करून बघा, बहुतेक वेळा सापडतं.

"कायमचं काढलं" म्हणजे नक्की काय काढलं?

हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण बाकीचं सगळं यावरच अवलंबून आहे. एका अ‍ॅपचे चार भाग असतात. फोनमधे बसलेलं अ‍ॅप, त्या अ‍ॅपने फोनमधे साठवलेला डेटा, त्या कंपनीच्या सर्व्हरवर असलेलं तुमचं अकाउंट आणि तिथली तुमची माहिती, आणि असलंच तर दर महिन्याला पैसे कापणारं सबस्क्रिप्शन. अनइन्स्टॉल केलं की पहिला भाग जातो, दुसरा बराचसा जातो, तिसरा आणि चौथा जागच्या जागी राहतात. म्हणजे आयकॉन दिसेनासा झाला म्हणून आपण निवांत होतो आणि ज्या गोष्टीची खरी काळजी करायला हवी ती तशीच राहून जाते. मला विचाराल तर तिसरा आणि चौथा भाग जास्त महत्त्वाचे आहेत, आणि लोक नेमके तेच विसरतात.

होम स्क्रीनवरून आयकॉन ओढून टाकला, म्हणजे अ‍ॅप गेलं ना?

नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमधे आयकॉन दाबून धरून वर ओढला की दोन पर्याय येतात, रिमूव्ह आणि अनइन्स्टॉल. रिमूव्हने फक्त त्या स्क्रीनवरचा आयकॉन जातो, अ‍ॅप आत तसंच राहतं, चालतंही. आयफोनमधे पण २०२० सालच्या आयओएस १४ पासून असंच आहे, "रिमूव्ह अ‍ॅप" दाबलं की पुढे विचारतं की डिलीट करायचंय की फक्त होम स्क्रीनवरून हटवायचंय, आणि घाईत दुसरं दाबलं जातं, मग ते अ‍ॅप शेवटच्या पानावरच्या अ‍ॅप लायब्ररीत जाऊन बसतं. खात्री करायची असेल तर सेटिंगमधली अ‍ॅप्सची पूर्ण यादी बघा. तिथे नाव असेल तर अ‍ॅप फोनमधे आहे.

साधं, स्वतःच टाकलेलं अ‍ॅप काढायची नीट पद्धत कोणती?

सेटिंग, मग अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग अनइन्स्टॉल. एकदम दहा-पंधरा काढायची असतील तर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात आपला फोटो असतो तो दाबा, "मॅनेज अ‍ॅप्स अँड डिव्हाइस" मधे जा, तिथे मॅनेजमधे सगळ्या अ‍ॅप्सची यादी येते, हवी तेवढी टिक करा आणि वरची कचराकुंडी दाबा. त्या यादीची क्रमवारी "कमी वापरलेली आधी" अशी लावता येते, ती नक्की लावून बघा, दोन वर्षांत एकदाही न उघडलेली अ‍ॅप्स वर येतात आणि काय काय निघतं ते बघून आपलं आपल्यालाच आश्चर्य वाटतं.

आयफोनमधे सेटिंग, जनरल, आयफोन स्टोरेज. तिथे प्रत्येक अ‍ॅप किती जागा खातंय आणि शेवटचं कधी वापरलं ते दोन्ही दिसतं.

काढण्याआधी काही तपासायचं का?

हो, आणि हे मी अनुभवाने सांगतेय. मागे एकदा फोन साफ करायच्या नादात मी ऑथेंटिकेटर अ‍ॅप उडवलं, तेच जे लॉगिन करताना सहा आकडी कोड देतं, मला वाटलं परत टाकलं की सगळं परत येईल, पण त्यातले कोड फक्त त्या फोनमधेच साठवलेले होते, बॅकअप चालू नव्हता, आणि मग माझ्याच दोन अकाउंटमधे शिरायला मला आठवडाभर खटपट करावी लागली, ओळखीचे पुरावे पाठवले, वाट बघितली. त्यामुळे ऑथेंटिकेटर काढायचंच असेल तर आधी त्यातली सगळी खाती दुसऱ्या फोनवर हलवा, लॉगिन करून बघा, मगच हात लावा.

तसंच चॅटच्या अ‍ॅपचा बॅकअप झालाय का ते शेवटच्या बॅकअपची तारीख उघडून बघा, "होत असेलच" म्हणू नका. नोट्सची, आवाज रेकॉर्ड करायची, स्कॅन करायची छोटी छोटी अ‍ॅप्स असतात ती बरेचदा डेटा स्वतःच्या पोटातच ठेवतात, अ‍ॅप गेलं की डेटा पण गेला. गेममधे पण लॉगिन केलेलं नसेल तर सगळी प्रगती जाते, आणि लहान मुलांचा गेम असेल तर त्यांना विचारल्याशिवाय काढू नका, त्यांच्यासाठी ती खरोखर कमावलेली गोष्ट असते.

आणि शेवटचं म्हणजे त्या अ‍ॅपचं अकाउंटच बंद करायचं असेल तर ते अ‍ॅप काढायच्या आधीच करा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

फोनसोबतच आलेल्या अ‍ॅपला अनइन्स्टॉलचं बटणच नाही, असं का?

फोनची मेमरी आतून वेगवेगळ्या कप्प्यांत वाटलेली असते. आपण टाकतो ती अ‍ॅप्स, फोटो, फाइली एका कप्प्यात जातात. अँड्रॉइड स्वतः आणि कंपनीने आधीच बसवलेली बरीचशी अ‍ॅप्स वेगळ्या कप्प्यात असतात, तो सिस्टीमचा कप्पा, आणि तो फोन चालू असताना फक्त वाचता येतो, त्यात लिहिता किंवा पुसता येत नाही. म्हणून बटण नाही. याचा फायदा पण आहे बरं का, व्हायरसला किंवा आपल्याच चुकीच्या बोटाला फोनचा गाभा सहज पुसता येत नाही. पण कंपन्या त्याच कप्प्यात गेम आणि खरेदीची अ‍ॅप्स पण भरून ठेवतात, आपण पैसे देऊन घेतलेल्या फोनमधे आपल्याला न विचारता, हे मला अजिबात पटत नाही.

यावर साधा उपाय म्हणजे डिसेबल. अँड्रॉइड ४.० पासून, म्हणजे २०११ पासून हा पर्याय आहे. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर आधी तीन टिंबांमधून "अनइन्स्टॉल अपडेट्स" करा, मग स्टोरेजमधे जाऊन "क्लिअर डेटा" करा, मग "डिसेबल". याच क्रमाने.

हा क्रम का, ते सांगते. कंपनीने बसवलेलं मूळ अ‍ॅप सिस्टीमच्या कप्प्यात असतं, पण त्याची नंतर आलेली अपडेट आपल्या कप्प्यात साठते, आणि त्याचा डेटा पण आपल्याच कप्प्यात. म्हणजे आपली जागा खातात ती अपडेट आणि डेटा. ती दोन्ही काढली की आपल्या जागेतलं जे परत मिळण्यासारखं होतं ते मिळालं. राहिलेलं मूळ अ‍ॅप ज्या कप्प्यात आहे तो तसाही आपल्याला फोटो ठेवायला कधी मिळणार नसतो. त्यामुळे "डिसेबल म्हणजे अर्धवट काम" असं वाटून घेऊ नका, जागेच्या हिशोबात ते जवळजवळ पूर्ण काम आहे.

डिसेबल केलेलं अ‍ॅप मागून गुपचूप चालतं का?

नाही चालत. ते बॅटरी खात नाही, नोटिफिकेशन पाठवत नाही, यादीत फक्त फिकट दिसतं. पण त्याचे भाऊबंद वेगळ्या नावाने असू शकतात. उदाहरणार्थ ज्या फोनमधे फेसबुक आधीपासून बसवलेलं असतं तिथे बरेचदा "फेसबुक अ‍ॅप मॅनेजर", "फेसबुक अ‍ॅप इन्स्टॉलर", "फेसबुक सर्व्हिसेस" अशी बिनआयकॉनची अ‍ॅप्स पण असतात, त्यांचं काम मुख्य अ‍ॅप टाकणं आणि अपडेट ठेवणं. मुख्य अ‍ॅप बंद केलं तर ती पण शोधून बंद करा, सेटिंगमधल्या यादीत "सिस्टीम अ‍ॅप्स दाखवा" चालू केलं की दिसतात.

डिसेबलचं बटण पण फिकट आहे, दाबलं जात नाही. आता?

मग कॉम्प्युटरची मदत घ्यावी लागते. एडीबी नावाचं गूगलचंच फुकट साधन आहे, डेव्हलपर लोक वापरतात, पण थोडं धीराने केलं तर कोणालाही जमतं. फोनमधे "अबाउट फोन" मधे बिल्ड नंबर असतो त्यावर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स नावाचा नवा विभाग उघडतो, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल लावायची, फोनवर परवानगीचा डबा येतो त्याला हो म्हणायचं, आणि मग कॉम्प्युटरवरून "शून्य नंबरच्या युजरसाठी हे अ‍ॅप अनइन्स्टॉल कर" अशा अर्थाची एक ओळीची कमांड द्यायची. शून्य नंबरचा युजर म्हणजे फोनचा मुख्य युजर, म्हणजे आपण.

या कमांडमधे अ‍ॅपचं दिसणारं नाव चालत नाही, पॅकेजचं नाव द्यावं लागतं. प्रत्येक अ‍ॅपला असं एक आतलं नाव असतं आणि ते कधी कधी ओळखीचं नसतं, फेसबुकच्या अ‍ॅपचं आतलं नाव "कॉम डॉट फेसबुक डॉट कटाना" आहे, आता कटाना वाचून कोणाला कळणार! म्हणून अंदाजाने काहीही काढू नका, ते पॅकेज नेमकं काय करतं ते आधी शोधून वाचा, मगच एंटर दाबा.

कॉम्प्युटर नसेल तर शिझुकू नावाचं अ‍ॅप आहे, अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आलं त्याच्या जोरावर ते फोनमधूनच हे काम करू देतं, आणि त्याच्या जोडीला कँटा नावाचं अ‍ॅप यादी दाखवतं, टिक करा आणि काढा. काम झालं की यूएसबी डीबगिंग आठवणीने बंद करा. चालू ठेवलं आणि फोन कोणाच्या हाती लागला तर त्याचं काम सोपं होतं, शिवाय काही बँकांची अ‍ॅप्स ते चालू असलं की उघडतच नाहीत.

आणि एक खरं सांगायला हवं. एडीबीने काढलेलं अ‍ॅप पण सिस्टीमच्या कप्प्यातून जात नाही, फक्त आपल्या युजरपुरतं नाहीसं होतं. फॅक्टरी रिसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा केला की परत येतं. पण रोजच्या वापरापुरतं म्हणाल तर ते नाहीच असं समजा.

चुकूनही काढू नयेत अशी अ‍ॅप्स कुठली?

कीबोर्ड, जर एकच असेल तर. हे फार साधं वाटतं पण एका नातेवाईकांनी हेच केलं होतं, फोनला पासवर्ड अक्षरांचा, फोन रीस्टार्ट झाला आणि पासवर्ड टाइप करायला कीबोर्डच नाही. तसंच लाँचर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप, दुसरं टाकल्याशिवाय काढू नका. सिस्टीम यूआय, पॅकेज इन्स्टॉलर, सेटिंग, फोन, गूगल प्ले सर्व्हिसेस यांना हात लावू नका. प्ले सर्व्हिसेस बॅटरी खातंय म्हणून बरेच जण त्याच्यावर चिडलेले असतात, पण नोटिफिकेशन, लोकेशन, लॉगिन अशी ढीगभर कामं इतर अ‍ॅप्स त्याच्यामार्फत करतात.

आणि अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू. हे नाव बघून लोकांना वाटतं काहीतरी फालतू आहे, पण इतर अ‍ॅप्सच्या आत वेबपेज उघडतं ते याच्यामुळे. मार्च २०२१ मधे याच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरातल्या अँड्रॉइड फोनवर जीमेलसकट अनेक अ‍ॅप्स उघडल्या उघडल्या बंद पडायला लागली होती. तेव्हा गूगलची नवीन अपडेट येईपर्यंत लोकांनी काय केलं, तर वेबव्ह्यूची अपडेट अनइन्स्टॉल केली, आणि अ‍ॅप्स चालू झाली. म्हणजे अपडेट काढणं वेगळं आणि अ‍ॅपच काढून टाकणं वेगळं, हा फरक अशा वेळी कामाला येतो.

मग रूट करून खरंच कायमचं पुसून टाकू का?

माझं स्पष्ट मत आहे, फक्त अ‍ॅप्स काढण्यासाठी रूट करू नका. रूट म्हणजे फोनच्या गाभ्यापर्यंतचा पूर्ण हक्क, आणि तो मिळवायला आधी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचं कुलूप उघडावं लागतं, त्यात फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. पुढे बँकेची आणि पैसे पाठवायची अ‍ॅप्स चालायला नकार देऊ शकतात, कंपनीची अपडेट अडकू शकते, वॉरंटीचा वाद होतो. शिवाय अँड्रॉइड चालू होताना सिस्टीमच्या कप्प्यात काही बदल झालाय का ते तपासतं, त्यामुळे चुकीचं काही पुसलं तर फोन चालूच होत नाही. आणि एवढं करून मिळालं काय, तर वर लिहिलं तसं, जागा रिकामी झाली ती सिस्टीमच्या कप्प्यात, तुमच्या फोटोंना ती मिळतच नाही.

आयफोनसोबत आलेली अ‍ॅप्स जातात का?

बरीचशी जातात. २०१६ च्या आयओएस १० पासून हवामान, शेअर बाजार, कंपास, टिप्स असली अ‍ॅप्स काढता येतात आणि हवी झाली की अ‍ॅप स्टोअरमधून परत घेता येतात. फोन आणि सेटिंग जात नाही. युरोपियन युनियनमधे डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट नावाचा २०२२ चा कायदा आहे, त्यात मोठ्या कंपन्यांनी आधीच बसवलेली अ‍ॅप्स लोकांना सहज काढू दिली पाहिजेत असं लिहिलंय, त्यामुळे तिथे सफारी, कॅमेरा अशी बाकी जगात न निघणारी अ‍ॅप्स पण काढता येतात. म्हणजे हे करणं मुळीच अशक्य नाहीये, करायला लावणारं कोणीतरी लागतं.

तुमच्या आयफोनमधे डिलीटचा पर्यायच दिसत नसेल तर स्क्रीन टाइममधे जा, तिथे कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्समधे अ‍ॅप डिलीट करायला बंदी घातलेली असू शकते. मुलांच्या फोनमधे आईवडिलांनी घातलेली असते आणि नंतर सगळेच विसरतात. फोन ऑफिसने दिलेला असेल तर मात्र प्रोफाइल, म्हणजे ऑफिसने त्यात घातलेली नियमांची सेटिंग, काढायच्या आधी ऑफिसला विचारा.

ऑफलोड आणि आर्काइव्ह म्हणजे काय, ते केलं तर चालेल का?

जागा हवी असेल तर चालेल, सुटका हवी असेल तर नाही. आयफोनचं ऑफलोड २०१७ पासून आहे, प्ले स्टोअरचं आपोआप आर्काइव्ह २०२३ मधे आलं. दोन्हींत अ‍ॅपचा मोठा भाग जातो पण आयकॉन आणि तुमचा डेटा फोनमधेच राहतो, टिचकी मारली की अ‍ॅप परत डाउनलोड होतं. वर्षातून एकदा प्रवासाला लागणाऱ्या अ‍ॅपसाठी उत्तम.

काढलेलं अ‍ॅप पुन्हा पुन्हा परत येतंय, कोण टाकतंय?

बहुतेक वेळा फोनच टाकत असतो. काही कंपन्यांच्या फोनमधे मोठी सिस्टीम अपडेट आली की "तुमच्यासाठी निवडलेली अ‍ॅप्स" असं एक पान येतं आणि त्यात सगळ्यावर आधीच टिक केलेली असते, आपण घाईत पुढे पुढे दाबतो आणि आठ-दहा अ‍ॅप्स येऊन बसतात. ते पान नीट वाचा, सगळ्या टिक काढा. काही फोनमधे कंपनीचं स्वतःचं वेगळं अ‍ॅप स्टोअर असतं, त्याच्या सेटिंगमधे शिफारशी आणि आपोआप इन्स्टॉल बंद करा, नाहीतर ते स्टोअरच डिसेबल करा. मोबाइल कंपनीमार्फत घेतलेल्या फोनमधे त्या कंपनीचं अ‍ॅप पण हे उद्योग करतं. एडीबीने काढलेलं अ‍ॅप सुद्धा मोठ्या अपडेटनंतर कधी कधी परत उगवतं, मग परत काढावं लागतं, त्याला इलाज नाही.

आयफोनमधे परत येत असेल तर सेटिंगमधे अ‍ॅप स्टोअर उघडून "अ‍ॅप डाउनलोड्स" बंद करा. ते चालू असलं की त्याच अ‍ॅपल अकाउंटवर आयपॅडमधे कोणी काही टाकलं तर ते तुमच्या फोनमधे पण येतं.

आणि यातलं काहीच लागू होत नसेल, ओळखही नसलेली अ‍ॅप्स रोज उगवत असतील, तर पुढचं नीट वाचा.

अनइन्स्टॉल दाबते पण होत नाही, सेटिंगचं पान आपोआप बंद होतं!

हे लक्षण चांगलं नाही. दोन परवानग्या तपासा. पहिली डिव्हाइस अ‍ॅडमिन, सिक्युरिटीमधे "डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स" नावाने असते, ही ज्या अ‍ॅपला दिली ते अ‍ॅप परवानगी काढून घेतल्याशिवाय निघत नाही. दुसरी अ‍ॅक्सेसिबिलिटी. ही परवानगी मुळात दिसायला किंवा हात चालवायला त्रास असलेल्यांसाठी बनवलीय, स्क्रीनवरचं वाचणं आणि आपल्या वतीने बटणं दाबणं तिच्यामुळे जमतं, आणि नेमका याचाच गैरवापर फसवी अ‍ॅप्स करतात, तुम्ही अनइन्स्टॉलपर्यंत पोचलात की ते अ‍ॅपच मागे जायचं बटण दाबून टाकतं.

अशा वेळी आधी इंटरनेट बंद करा. मग सेफ मोड. बऱ्याच फोनमधे पॉवरचं बटण दाबून धरलं की "पॉवर ऑफ" येतं, ते दाबून धरलं की सेफ मोडबद्दल विचारतं. सेफ मोडमधे बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स चालतच नाहीत, त्यामुळे तुमच्याशी भांडायला कोणी नसतं. शांतपणे दोन्ही परवानग्या काढा, अ‍ॅप अनइन्स्टॉल करा, फोन रीस्टार्ट करा, मग प्ले स्टोअरमधून प्ले प्रोटेक्टचं, म्हणजे गूगलच्या फसवी अ‍ॅप्स शोधणाऱ्या सोयीचं, स्कॅन चालवा. त्यानंतर बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. हा शेवटचा भाग कंटाळवाणा आहे म्हणून टाळू नका, अ‍ॅप गेलं तरी त्याने आधी पाहिलेले पासवर्ड कोणाकडे तरी गेलेले असू शकतात.

अ‍ॅप काढलं तरी जाहिरातींच्या नोटिफिकेशन येतातच आहेत?

बरेचदा त्या अ‍ॅपच्या नसतातच, ब्राउझरच्या असतात. कधीतरी एखाद्या वेबसाइटने "नोटिफिकेशन पाठवू का" विचारलं आणि "अलाउ" दाबलं गेलं. नोटिफिकेशन दाबून धरा, कोणत्या अ‍ॅपची आहे ते दिसतं. क्रोम दिसलं तर क्रोमच्या सेटिंगमधे साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि तिथली अनोळखी नावं ब्लॉक करा. वयस्कर माणसांच्या फोनमधे "तुमच्या फोनमधे व्हायरस आहे" म्हणून घाबरवणारे जे मेसेज येतात ते बहुतेक इथूनच येतात, एकदा त्यांच्या शेजारी बसून हे साफ करून द्या, त्यांची भीती जाते.

यादीत अ‍ॅपच्या खाली "या युजरसाठी इन्स्टॉल केलेलं नाही" असं लिहिलंय, हे काय?

फोनमधे दुसरा युजर, ऑफिसचं प्रोफाइल किंवा एकाच अ‍ॅपची दुसरी प्रत चालवायची सोय चालू असेल तर अ‍ॅप तुमच्याकडून गेलं पण तिकडे शिल्लक आहे. त्या अ‍ॅपचं पान उघडून तीन टिंबांमधे "सगळ्या युजरसाठी अनइन्स्टॉल" असं असतं, ते दाबा.

अ‍ॅप काढल्यावर माझी माहिती त्यांच्याकडून पुसली जाते का?

नाही, आणि मला सगळ्यात जास्त कळकळ याच प्रश्नाची आहे. तुमचा नंबर, फोटो, तुम्ही परवानगी दिल्यावर त्यांनी उचललेली कॉन्टॅक्टची यादी, लोकेशन, सगळं त्यांच्या सर्व्हरवर राहतं. त्यासाठी अकाउंट डिलीट करावं लागतं. लॉगआउट म्हणजे डिलीट नव्हे, "डीअ‍ॅक्टिव्हेट" म्हणजे पण नव्हे, तो फक्त पडदा असतो.

चांगली गोष्ट ही की आता हे शोधणं सोपं झालंय. ज्या अ‍ॅपमधे अकाउंट बनवता येतं त्या अ‍ॅपमधूनच ते डिलीट करायची सोय हवी असा नियम अ‍ॅपलने ३० जून २०२२ पासून लागू केला. गूगलने पण २०२३ मधे तसाच नियम जाहीर केला, आणि त्यात वेबवरून डिलीट करायची लिंक सुद्धा मागितली, म्हणजे अ‍ॅप आधीच काढून बसला असाल तर ते परत टाकायची गरज नाही. प्ले स्टोअरवर त्या अ‍ॅपच्या पानावर डेटा सेफ्टीचा भाग उघडा, लिंक तिथे असते. डिलीटची विनंती केल्यावर काही दिवसांची मुदत असते आणि मधेच लॉगिन केलं तर विनंती रद्द होते, त्यामुळे "झालं का बघूया" म्हणून परत आत शिरू नका. आणि गूगल किंवा फेसबुकने लॉगिन केलेलं असेल तर त्या मूळ अकाउंटच्या सेटिंगमधे जाऊन या अ‍ॅपची जोडणी पण काढून टाका.

झटपट कर्ज देणारं एखादं अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे त्याने उचललेली कॉन्टॅक्टची यादी परत येत नाही, म्हणून असल्या अ‍ॅपला कॉन्टॅक्टची परवानगी मुळात देऊच नका, हात जोडून सांगते.

आणि सबस्क्रिप्शन?

आपोआप थांबत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधे फोटो दाबून "पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स", आयफोनवर सेटिंगमधे सगळ्यात वर आपलं नाव आणि मग "सबस्क्रिप्शन्स". फुकट ट्रायल म्हणून घेतलेलं पण तिथेच असतं. कंपनीच्या वेबसाइटवरून कार्ड देऊन घेतलं असेल तर ते इथे दिसणार नाही, त्या वेबसाइटवरच जाऊन बंद करावं लागेल.

उरलेल्या फाइलींसाठी क्लीनर अ‍ॅप टाकू का?

नको. एक नको असलेलं अ‍ॅप काढायला दुसरं कशाला. अनइन्स्टॉल केलं की अँड्रॉइड त्या अ‍ॅपचा खासगी डेटा स्वतःच पुसतं. उरतात त्या डाउनलोड आणि फोटोच्या फोल्डरमधे अ‍ॅपने ठेवलेल्या फाइली, त्या फाइल मॅनेजरमधून आपण बघून काढायच्या, त्यात आपले फोटो पण असू शकतात.

माझ्यावर नजर ठेवायला कोणीतरी माझ्या फोनमधे अ‍ॅप टाकलंय असं वाटतंय.

इथे घाई करू नका. असं अ‍ॅप काढलं की टाकणाऱ्याला बहुतेक लगेच कळतं, आणि ती व्यक्ती घरातलीच असेल, तुम्हाला तिची भीती वाटत असेल, तर अ‍ॅप काढणं ही पहिली पायरी नाही. पहिली पायरी म्हणजे विश्वासातल्या माणसाशी किंवा मदत करणाऱ्या संस्थेशी बोलणं, आणि ते या फोनवरून नाही, दुसऱ्या फोनवरून. लागले तर पुरावे म्हणून स्क्रीनचे फोटो दुसऱ्या कॅमेऱ्याने काढून ठेवा. आयफोनमधे आयओएस १६ पासून सेफ्टी चेक नावाची सोय आहे, तुमचं लोकेशन आणि फोटो कोणाला दिसतायत ते एका ठिकाणी बघता येतं आणि तोडता येतं, पण तोडल्यावर समोरच्याच्या लक्षात येऊ शकतं, हे तिथे पण लागू आहे.

फॅक्टरी रिसेट केलं तर सगळं एकदाच जाईल ना?

तुम्ही टाकलेलं सगळं जाईल, कंपनीने बसवलेलं सगळं परत येईल, तुम्ही डिसेबल केलेलं सुद्धा. त्यामुळे फक्त बसवलेल्या अ‍ॅप्ससाठी रिसेट करणं म्हणजे उलट काम. फसवं अ‍ॅप कशानेच निघत नसेल तर मात्र रिसेट योग्य आहे. करायच्या आधी आपला गूगलचा ईमेल आणि पासवर्ड आठवतोय ना ते बघा, कारण सेटिंगमधे न जाता बटणांनी रिसेट केलं तर चालू होताना फोन आधीचंच अकाउंट मागतो.

क्वचित असंही होतं की रिसेटनंतर पण घाण परत येते. २०१९ मधे एक्सहेल्पर नावाच्या फसव्या अ‍ॅपचं असंच प्रकरण झालं होतं, सिमँटेक या सुरक्षा कंपनीने तेव्हा सुमारे ४५ हजार फोनमधे ते सापडल्याचं सांगितलं होतं, आणि त्याचा चिवटपणा यात होता की ते जुन्या अँड्रॉइडमधल्या त्रुटी वापरून थेट सिस्टीमच्या कप्प्यात जाऊन बसत होतं, जिथे रिसेट पोचतच नाही. तसं झालं तर फोनचं मूळ सॉफ्टवेअर नव्याने टाकून घ्यावं लागतं, ते कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच करून घ्या.

चुकून कामाचं अ‍ॅप काढलं गेलं, परत कसं आणू?

डिसेबल केलेलं असेल तर सेटिंगमधल्या यादीत खाली फिकट दिसतं, उघडून "एनेबल" दाबा. स्वतः टाकलेलं असेल तर प्ले स्टोअरच्या मॅनेजमधे "इन्स्टॉल न केलेली" अशी यादी निवडता येते, आधीची सगळी नावं तिथे असतात. एडीबीने काढलेलं असेल तर "आधीपासून असलेलं परत इन्स्टॉल कर" अशा अर्थाची उलटी कमांड आहे, मूळ अ‍ॅप सिस्टीमच्या कप्प्यात असल्यामुळे ते दोन सेकंदात परत येतं, इंटरनेट पण लागत नाही. म्हणूनच एडीबीने काही काढताना पॅकेजचं नाव कुठेतरी कागदावर लिहून ठेवा, आणि एका दिवशी दोन-तीनच काढा, दोन दिवस फोन वापरून बघा, कॉल, मेसेज, कॅमेरा, अलार्म सगळं नीट चालतंय असं दिसलं की मग पुढची.